भाड्याची गाडी बदलताना टाकीतील इंधनाचा हिशेब

तापी नदीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशाशी त्याचा व्यवहार फार जुना आहे. पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा होऊन २००३ साली बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या शहराच्या जुन्या तटबंदीचा शनवारा दरवाजा आणि त्याभोवतालचा गजबजलेला भाग रावेर, मुक्ताईनगर व यावल या तालुक्यांतील लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. केळीचा व्यापार, कापडाची खरेदी, सोयरीक आणि ओंकारेश्वर-उज्जैनची यात्रा अशा अनेक कारणांनी सीमेपलीकडे जाणे-येणे चालू असते. त्यासाठी पुष्कळ कुटुंबे आता गाडी भाड्याने घेतात. सरकारी कार्यालयेही स्वतःची गाडी बाळगण्याऐवजी अनेकदा करारावर वाहन घेतात.

अशी गाडी मुदतीच्या मध्येच बदलण्याचा प्रसंग वारंवार येतो. कधी यंत्रात बिघाड होतो, कधी गाडी देखभालीसाठी न्यावी लागते, तर कधी जास्त माणसांची सोय करावयाची असते. एक गाडी जाते व दुसरी येते. भाडे, अनामत रक्कम आणि कागदपत्रे यांकडे दोन्ही पक्ष लक्ष देतात. टाकीत किती इंधन गेले व किती आले, हा प्रश्न मात्र बहुधा अखेरच्या हिशेबापर्यंत कोणी काढीत नाही. तोपर्यंत पहिली गाडी तिसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेली असते आणि वादाला तोंड फुटते. हा वाद टाळण्याची रीत सोपी आहे. ती ग्रामस्थ, कर्मचारी व शिक्षक या सर्वांनी समजून घेणे इष्ट ठरेल.

इंधन कोणाचे?

गाडी मालकाची असते, परंतु टाकीतील इंधन ज्याने पैसे मोजले त्याचे असते. गाडी बदलताना सामान उतरविता येते, इंधन उतरविता येत नाही. ते जुन्या गाडीबरोबर परत जाते. म्हणून गाडी बदलणे म्हणजे दोन स्वतंत्र व्यवहार होत. पहिल्या गाडीचा व्यवहार तेथे पूर्ण होतो आणि दुसऱ्या गाडीचा नव्याने सुरू होतो. दोहोंचा हिशेब त्याच जागी, त्याच वेळी आणि वेगवेगळा झाला पाहिजे.

इंधनाविषयी करार साधारणपणे चार प्रकारचे असतात.

पहिला प्रकार 'भरून घ्या, भरून द्या' हा होय. यात गाडी टाकी भरून मिळते व भरूनच परत करावयाची असते. दुसऱ्या प्रकारात जेवढे इंधन मिळाले तेवढेच ठेवून गाडी परत करावयाची असते. तिसऱ्या प्रकारात भरलेल्या टाकीचे पैसे आगाऊ घेतले जातात व गाडी रिकामी परत केली तरी चालते. उरलेल्या इंधनाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. चौथ्या प्रकारात इंधनाचा खर्च किलोमीटरच्या दरातच धरलेला असतो.

गाडी बदलताना चौथ्या प्रकारात तंट्याला जागा फारशी उरत नाही. तेथे केवळ किलोमीटरची नोंद पुरते. तिसरा प्रकार ग्राहकाला सर्वांत तोट्याचा ठरतो. त्याने पूर्ण टाकीचे पैसे दिलेले असतात, गाडी अर्ध्या वाटेतच जाते आणि तिच्याबरोबर त्याचे उरलेले इंधनही जाते. दुसऱ्या गाडीच्या टाकीचे पैसे पुन्हा मागितले, तर एकाच प्रवासासाठी त्याला दोनदा किंमत मोजावी लागते. म्हणून असा करार करताना 'गाडी मालकाच्या कारणाने बदलल्यास उरलेल्या इंधनाची किंमत वजा होईल' असे एक वाक्य लिहून घेणे आवश्यक आहे.

काटा म्हणजे माप नव्हे

गाडीतील इंधनाचा काटा पाहून हिशेब करण्याची सवय सर्वत्र आढळते. हा काटा इंधन मोजीत नाही. टाकीत एक तरंगता गोळा असतो. इंधनाची पातळी वरखाली होते तसा तो हलतो, विजेच्या प्रवाहातील रोध बदलतो आणि त्यानुसार काटा सरकतो. टाकी मात्र आसनाखालच्या जागेत बसविण्यासाठी वेड्यावाकड्या आकाराची केलेली असते. त्यामुळे पातळी निम्म्यावर आली म्हणजे इंधन निम्मे उरले, असे म्हणता येत नाही. चढावर किंवा कलत्या जागेवर उभ्या असलेल्या गाडीचा काटाही वेगळे दाखवितो.

उन्हाळ्याचाही थोडा परिणाम होतो. पेट्रोल तापले की प्रसरण पावते. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले असता त्याचे आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढते. ४० लिटरच्या टाकीत हा फरक सुमारे ४०० मिलिलिटरचा होतो. पहाटे दिलेली आणि दुपारी परत घेतलेली गाडी यांत एवढा फरक पडणे स्वाभाविक आहे. एवढ्यावरून कोणी कोणाला दोष देऊ नये.

मग खरे माप कोणते? भरलेली टाकी हेच ते माप होय. पेट्रोल पंपावर नळीचे तोंड टाकीत ठेवून इंधन भरले असता टाकी भरताच पुरवठा आपोआप बंद होतो. पहिल्यांदा बंद झाल्यावर थांबावे. त्यापुढे काठोकाठ भरण्याचा आग्रह धरू नये. टाकीत वाफेसाठी मोकळी जागा ठेवलेली असते आणि ती भरल्याने वाफ शोषणाऱ्या यंत्रणेला अपाय होतो. यंत्रावर किती लिटर आले ते पावतीवर छापले जाते. हा आकडा दोन्ही पक्षांना मान्य करावाच लागतो. पंपाच्या मापाविषयी शंका असल्यास तेथे ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

एक उदाहरण

समजा, रावेर तालुक्यातील एका कुटुंबाने यात्रेसाठी स्वतः चालविण्याची गाडी घेतली. करार 'भरून घ्या, भरून द्या' असा आहे. पहिल्या गाडीची टाकी ४० लिटरची आहे. दोन दिवसांत ती १८० किलोमीटर चालली. पुढे ओंकारेश्वरला निघताना तिचे वातानुकूलन यंत्र बंद पडले. मालकाने दुसरी गाडी शनवाऱ्यात आणून दिली. तिची टाकी ३५ लिटरची असून काटा पावावर होता. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरू.

दोन्ही गाड्या जवळच्या पंपावर नेल्या. पहिल्या गाडीत १२ लिटर मावले, म्हणजे १,२०० रुपये झाले. हे इंधन कुटुंबाने जाळले होते, तेव्हा तो खर्च कुटुंबाचा. दुसऱ्या गाडीत २४ लिटर मावले, म्हणजे २,४०० रुपये झाले. करारानुसार ती भरलेलीच मिळावयास हवी होती, तेव्हा हा खर्च मालकाचा. कुटुंबाने दोन्ही पैसे भरले असतील आणि शेवटी दुसरी गाडी भरून परत केली असेल, तर भाड्यातून २,४०० रुपये वजा झाले पाहिजेत.

आता काट्यावर विसंबून हिशेब केला असता काय झाले असते ते पाहू. पहिल्या गाडीचा काटा पाऊण टाकी दाखवीत होता, म्हणजे १० लिटर कमी. दुसऱ्या गाडीचा काटा पाव दाखवीत होता, म्हणजे २६.२५ लिटर कमी. यात मालकाला पहिल्या गाडीत २०० व दुसऱ्या गाडीत २२५, असे एकूण ४२५ रुपयांचे नुकसान सोसावे लागले असते. अचूक माप ग्राहकाचे रक्षण करते तसेच मालकाचेही करते, हे यावरून ध्यानात येईल.

किलोमीटरवरूनही पडताळा घेता येतो. गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर १८० किलोमीटरला १२ लिटर लागतात. पंपाचा आकडा आणि हा आकडा जुळले की संशयाला जागा राहत नाही.

काहीच नोंद झाली नसती तर? आठ दिवसांनी मालकाने पहिल्या गाडीचे १,२०० रुपये मागितले असते आणि दुसरी गाडी पाव टाकीवर मिळाली होती, हे सिद्ध करण्यास कुटुंबाजवळ कागदाचा कपटाही नसता. छोट्या कुटुंबाच्या यात्रेत २,४०० रुपये ही किरकोळ रक्कम नव्हे.

गाडी जागेवरच बंद पडली असेल, तर ती पंपावर नेता येत नाही. अशा वेळी काटा व किलोमीटर दिसतील असे छायाचित्र घ्यावे, दोन्ही आकडे लिहून सह्या घ्याव्यात आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा टाकी भरल्याची पावती हिशेबास धरावी.

दर आणि आकार

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, परंतु पेट्रोल व डिझेल त्याबाहेर ठेवण्यात आले. त्यांवर प्रत्येक राज्य आपला कर आकारते. त्यामुळे सीमेच्या अलीकडे व पलीकडे दर सारखे नसतात. जून २०१७ पासून हे दर रोजच्या रोज ठरविण्याची पद्धतही सुरू झाली. म्हणून ज्या दिवशी व ज्या पंपावर इंधन भरले, तेथील पावतीचाच दर धरावा. रावेरचा दर बऱ्हाणपूरच्या पावतीला लावू नये.

इंधन कमी असल्यास काही मालक त्याच्या किमतीवर निराळा आकार लावतात. गाडी पंपावर नेण्याचा श्रम व वेळ मालकाला खर्चावा लागतो, तेव्हा माफक आकार गैर म्हणता येणार नाही. पण तो आधी लिहून कळविलेला असावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल आधी ठरविलेली रक्कम ही कमाल मर्यादा समजली जाते व न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देवविते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नेही झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणारी अट अनुचित कराराच्या व्याख्येत घातली आहे.

या अधिनियमाची आणखी एक तरतूद सीमेवरील रहिवाशांना विशेष उपयोगी आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. गाडी बऱ्हाणपूरच्या मालकाची असली, तरी रावेरच्या ग्राहकाला जळगावच्या आयोगाकडे जाता येईल. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. परंतु कोणत्याही दारी गेले, तरी पहिला प्रश्न कागदाचाच विचारला जातो.

सरकारी कामातील वाहने

करारावरील वाहनाचे इंधन कंत्राटदाराने भरावयाचे असेल, तर कार्यालयाने किलोमीटरवर लक्ष ठेवावे. इंधन कार्यालयाच्या खर्चाने असेल, तर जाणाऱ्या गाडीतील इंधन हे शासनाचे धन आहे, हे विसरू नये. गाडी बदलल्यास नोंदवहीत त्याच पानावर पुढे लिहीत जाऊ नये. जुन्या गाडीचे अखेरचे रीडिंग लिहून पान बंद करावे आणि नव्या गाडीच्या क्रमांकाने नवे पान उघडावे. शिल्लक इंधनाची किंमत कंत्राटदाराच्या देयकातून वजा करावी.

निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या शिक्षकांना अधिग्रहित वाहनांचा अनुभव असतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० अन्वये अशी वाहने घेतली जातात व कलम १६१ अन्वये मालकाला भरपाई दिली जाते. तेथेही वाटेत वाहन बदलल्यास वेळ, रीडिंग आणि इंधन यांची नोंद त्याच क्षणी करून ठेवावी.

ताबा-पावती

गाडी बदलताना साध्या कागदावर पुढील बाबी दोन प्रतींत लिहाव्यात:

१. तारीख, वेळ व ठिकाण.
२. जाणाऱ्या गाडीचा क्रमांक, किलोमीटर आणि टाकी भरण्यास लागलेले लिटर.
३. येणाऱ्या गाडीचा क्रमांक, किलोमीटर आणि टाकी भरण्यास लागलेले लिटर.
४. पंपाच्या पावत्यांचे क्रमांक, दर व पैसे कोणी भरले त्याचे नाव.
५. गाडी बदलण्याचे कारण व ते कोणाकडून उद्भवले.
६. दोघांच्या सह्या.

विजेवर चालणारी गाडी असल्यास लिटरऐवजी बॅटरीतील शिल्लक टक्केवारी लिहावी. ती फलकावर आकड्यांत दिसते.

गाडीच्या क्रमांकाची पाटीही पाहून घ्यावी. स्वतः चालविण्यासाठी परवान्याने भाड्याने दिल्या जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. खाजगी वापराची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतल्यास अपघातप्रसंगी विम्याची अडचण येऊ शकते. अशा व्यवहारात पावतीही सहसा मिळत नाही.

शाळेत हा पाठ घेताना

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना पुढील उदाहरणे घालता येतील:

१. एक गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते. भरलेल्या टाकीने ती २४० किलोमीटर चालली. पुन्हा भरण्यास किती लिटर लागावेत? प्रत्यक्षात १८ लिटर लागले, तर त्याची कोणती कारणे संभवतात?
२. ६० लिटरच्या टाकीचा काटा निम्म्यावर आहे. मालक ३० लिटरचे पैसे मागतो. पंपावर २२ लिटरच मावले. मालकाची मागणी किती लिटरने जास्त होती?
३. आपल्या गावातून बऱ्हाणपूरला जाऊन येण्यास किती इंधन लागेल? आजच्या दराने त्याचा खर्च काढा.

हे गणित मुलांनी घरी आई-वडिलांना समजावून सांगितले, तर पुढच्या वेळी गाडीची किल्ली हातात घेण्यापूर्वी त्या घरातील माणूस टाकी भरून घेईल, आकडा लिहील आणि सही मागेल. पाच मिनिटांच्या या कामाने दोन्ही बाजूंचे पैसे वाचतात आणि वर्षानुवर्षांचे संबंधही टिकतात.