बटण कुठे गेलं?

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधे झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. तरी मराठीतच लिहायचा हट्ट धरला, कारण हा लेख मेसच्या काकूही वाचणार आहेत आणि त्यांना एक हिशोब द्यायचा राहिलाय.

गेल्या सेमिस्टरला मी आमच्या मेससाठी एक वेबपेज बनवलं. वर उद्याचा मेनू, खाली "जेवणार" असं मोठ्ठं हिरवं बटण. रात्री दहापर्यंत जेवढ्या मुली बटण दाबतील तेवढ्यांचाच दुसऱ्या दिवशी स्वयंपाक. टेस्टिंग पण केलं होतं हो! लॅपटॉपवर क्रोम, एज, ऑपेरा, तिन्हीत पेज झक्कास. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधे फोनची चौकट येते, त्यातही बघितलं. आणि पहिल्याच रात्री पोळ्या कमी पडल्या. आयफोनवाल्या मुलींना बटण दिसलंच नव्हतं. काकूंनी परत कणीक मळली, त्या स्वतः जेवल्या पावणेअकराला. मला कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

चूक शोधायला दोन रात्री गेल्या. पहिली गोष्ट कळली ती ही की मी तीन ब्राउझर तपासलेच नव्हते. पान मांडायचं काम ब्राउझरच्या आतलं इंजिन करतं, आणि क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह या सगळ्यांचं इंजिन एकच, ब्लिंक. गुगलने ते २०१३ मधे वेबकिटमधून वेगळं काढलं. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडलं, आणि जानेवारी २०२० मधे एजही तिकडेच आलं. म्हणजे मी एकच परीक्षा तीन वेगवेगळ्या पेनांनी दिली होती. खरं वेगळेपण बघायचं तर ब्लिंकबरोबर फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट हवं. आपल्याकडच्या आयफोनवर तर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच असतं.

दुसरी गोष्ट उंचीची. पान बरोब्बर स्क्रीनभर बसावं म्हणून मी उंची १०० व्हीएच दिली होती, वर ओव्हरफ्लो हिडन. फोनवर ब्राउझरची पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी सरकून लपते. मग १०० व्हीएच म्हणजे पट्टीसकट की पट्टी वगळून? फोनवरचे ब्राउझर पट्टी लपल्यावरची मोठी उंची धरतात. पण पान उघडतं तेव्हा पट्टी हजर असते! तेवढा खालचा भाग स्क्रीनबाहेर जातो, आणि नेमकं तिथे माझं बटण. ओव्हरफ्लो हिडन असल्याने स्क्रोलही होईना. अँड्रॉइडवर बटण अर्धं दिसायचं, अंगठा पोचायचा, म्हणून त्यांची तक्रार आली नाही. लॅपटॉपवरच्या त्या चौकटीत ही पट्टीच नसते, त्यामुळे तिथे सगळं आलबेल.

यावर डीव्हीएच नावाचं एकक आहे, जे आत्ता दिसणारी उंची धरतं. सफारीत आणि क्रोममधे ते २०२२ पासून आहे. जुन्या फोनचं काय? सीएसएसचा एक नियम इथे कामी येतो: न कळलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो. म्हणून आधी १०० व्हीएचची ओळ, तिच्याखाली १०० डीव्हीएचची. नवा फोन खालची घेतो, जुना वरचीवर थांबतो. मी शिवाय हाइटच्या जागी मिन-हाइट केलं आणि ओव्हरफ्लो हिडन काढून टाकलं. अगदीच काही झालं तर निदान स्क्रोल तरी होईल.

चूक कुठल्या डब्यात आहे हे शोधताना प्रत्येक डब्याला लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, बॉर्डर स्वतः जागा खाते आणि मांडणी हलते. आमचे सर सांगतात, जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधे पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच मोजली जायची, प्रमाण नियम ती वेगळी धरायचा, आणि लोक रात्र रात्र जागायचे. गंमत म्हणजे आज आपण सगळे बॉर्डर-बॉक्स लिहून त्या बिचाऱ्याचीच पद्धत वापरतो. एक्सप्लोरर मात्र जून २०२२ मधे निवृत्त झाला.

देवनागरीची भानगड निराळीच. मेनूचं शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून मी लेटर-स्पेसिंग दिलं. इंग्रजीत छान दिसतं. मराठीत शिरोरेषा तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसली. लाइन-हाइट कमी केली तर वेलांटी आणि रफार छाटले गेले. शिवाय फाँट प्रत्येकाकडे वेगळा: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, अॅपलवर कोहिनूर. तोच शब्द एकीकडे एका ओळीत बसतो, दुसरीकडे नाही. मग मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा मोफत फाँट पानाबरोबरच पाठवायला लागले.

आयफोन नसेल तर? लॅबच्या लिनक्सवर ग्नोमचा वेब ब्राउझर टाका, तो वेबकिटवर चालतो, फुकट आहे. पण पट्टीचा घोळ तिथे दिसणार नाही, त्यासाठी खरा फोनच उसना मागावा लागतो. लॅपटॉपवर पायथॉनचा छोटा सर्व्हर चालू करा आणि त्याचा आयपी पत्ता फोनमधे टाका. हॉस्टेलच्या वायफायवर बरेचदा दोन यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा सरळ मोबाइलचा हॉटस्पॉट.

आता पान बदललं की मी आधी शेजारच्या खोलीतला आयफोन मागते, मग काकूंचा जुना अँड्रॉइड. त्याची काच तडकलेली आहे, पण बटण दिसतं. "भरलेली वांगी" मात्र त्यावर अजून दोन ओळींत जातात.