‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

ऊसतोडीहून परतल्यावर माझ्या वडिलांना कावीळ झाली. आमच्या गेवराई तालुक्यात काविळीवर प्रथम गळ्यात माळ पडते. तशी ती पडली. पुढे रक्त तपासले तेव्हा ‘हिपॅटायटीस बी’ निघाला. डॉक्टरांनी आईचे व माझेही रक्त तपासण्यास सांगितले. आईच्या कागदावर दोन ठिकाणी ‘पॉझिटिव्ह’, माझ्या कागदावर सर्वत्र ‘निगेटिव्ह’. आजीने वडिलांबरोबर आईचेही ताट वेगळे केले. मी मात्र निर्धास्त झालो. आम्हा दोघांचीही समजूत चुकीची होती.

विषाणूच्या अंगावरील ज्या पदार्थास शरीर परके म्हणून ओळखते, तो प्रतिजन. त्याच्याशी झुंजण्यासाठी शरीर रक्तात जी द्रव्ये तयार करते, ती प्रतिपिंडे. ‘बी’चा पृष्ठ-प्रतिजन एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात प्रथम ओळखला गेला. तो शोधणाऱ्या डॉ. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा प्रतिजन, म्हणजेच ‘एचबीएसएजी’, सापडला तर विषाणू अंगात आहे. सहा महिन्यांहून अधिक टिकला तर आजार जुनाट समजतात. वडिलांच्या रक्तात तो होता.

‘अँटी-एचबीएस’ ही या प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे ढाल होय. ती लसीने मिळते किंवा आजारातून बरे झाल्यावर. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र लसीने तयार होत नाहीत. ती प्रत्यक्ष संसर्गाची खूण. आईच्या रक्तात ही दोन्ही होती, प्रतिजन नव्हता. अंगावर काढलेल्या कुठल्याशा दुखण्यातून ती कधीच बरी झाली होती!

आणि मी? मला ना रोग, ना ढाल. घरात खरा धोका मलाच होता. भारतात ही लस सर्व राज्यांतील बाळांना २०११ पासून मिळू लागली. आपल्यापैकी अनेकजण त्याआधी जन्मलेले. मी सहा महिन्यांत तिचे तीन डोस घेतले.

मात्र ही ढाल ‘बी’पुरतीच. दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ व ‘ई’ काविळीपुढे ती निरुपयोगी आहे. ‘सी’ची प्रतिपिंडे तर सापडली तरी संरक्षण देत नाहीत, विषाणू अजून आहे की नाही, हे वेगळ्या तपासणीनेच कळते.

‘बी’ रक्तातून, दूषित सुईतून, वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून, मातेकडून बाळाला जातो. जेवणाच्या ताटातून नव्हे. हे आजीला पटवायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने दोघांचीही ताटे आमच्या पंगतीत मांडली. सहा महिन्यांनी वडिलांच्या रक्तातील प्रतिजनही नाहीसा झाला.

म्हणून सांगतो, ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून घाबरण्यापूर्वी आणि ‘निगेटिव्ह’ वाचून निश्चिंत होण्यापूर्वी, त्याच्या डावीकडचे तपासणीचे नाव वाचा व डॉक्टरांना अर्थ विचारा.