बेसमेंटचं छत बुटकं आहे, काय करू?

प्रश्न: न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घराचं बेसमेंट ७ फूट २ इंच उंच आहे. मुलीसाठी तिथे खोली करायची आहे. कंत्राटदार फॉल्स सीलिंग सुचवतो. करावं का?

उत्तर: मुळीच नको. लटकतं छत तीन-चार इंच सहज खातं. अमेरिकेच्या निवासी संहितेत राहत्या खोलीला किमान ७ फूट उंची लागते. तुळई किंवा डक्टखाली ६ फूट ४ इंच चालतात. जुन्या घरांना थोडी सवलत मिळू शकते, ती टाउनशिपच्या बांधकाम खात्यात आधी विचारा.

छत उघडंच ठेवा. वासे, पाइप, वायरी सगळ्यांना एकच रंग द्या आणि दिवे वाशांमधल्या पोकळीत बसवा. वासे मात्र कापू देऊ नका, वरचं घर त्यांवरच उभं आहे. जमिनीवर प्लायवूड टाळून, ओल नसल्याची खात्री करून पातळ व्हिनाइल घाला.

जमीन खोदणं हा शेवटचा पर्याय. त्यात पायाखाली टप्प्याटप्प्याने नवं काँक्रीट भरावं लागतं, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनियरशिवाय फावडंही लावू नका.

मुलगी तिथे झोपणार असेल, तर आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवीच. तिचा खालचा काठ जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नसावा.