रात्रीत एका बाजूला कलणारी बस

प्रश्न : माळशेज घाटातून धावणारी बस रात्रभर उभी राहिली की सकाळी मागची डावी बाजू बसलेली असते. हवा कुठून गळते, हे कसे ओळखावे? – एक वाचक, ओतूर

उत्तर : जुन्नरच्या किल्ल्याचे नाव मिरवणाऱ्या एसटीच्या ‘शिवनेरी’ बसप्रमाणे ही गाडीही हवेच्या फुग्यांवर तोललेली आहे. मागे बहुधा दोन्ही बाजूंना उंची राखणारे स्वतंत्र लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतात. म्हणून एकच बाजू बसत असेल, तर शोध तिथल्या फुग्यापासून, पाइपापासून आणि व्हॉल्व्हपासून सुरू करावा.

आधी चाकांना लाकडी ओंडके लावावेत. चासीखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय कोणीही गाडीखाली शिरू नये. फुगा अचानक रिकामा झाला, तर जीव जाऊ शकतो.

हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावे. मग साबणाचे पाणी ब्रशने सांध्यांवर आणि फुग्याच्या खालच्या वळीवर लावावे. घाटातली खडी, चिखल तिथेच रबर घासतात आणि बारीक चिरा फुगा ताणलेला असतानाच दिसतात. बुडबुडे आले, तिथे गळती. व्हॉल्व्हच्या हवा सोडणाऱ्या तोंडातून, गाडी स्थिर असतानाही, बुडबुडे थांबत नसतील तर बिघाड व्हॉल्व्हच्या आत आहे.

चिरलेल्या फुग्याला ठिगळ लावू नये, तो बदलावाच. ब्रेकच्या टाकीचा दाबही उतरत असेल, तर दुरुस्तीआधी बस घाटात नेऊ नये.