सीपीके उतरलं आणि मी पेढे वाटले

रे रोड स्टेशनचा जिना मी बावीस वर्षं चढले. दारुखान्यात भंगाराच्या एका पेढीवर हिशेब लिहायची. शिवडीला गाडी पकडायची, मधे फक्त कॉटन ग्रीन, की उतरायचं. एका पावसाळ्यात त्याच जिन्यावर कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागायला लागलं. घरी फळीवरचा डबा काढताना हात वर ठरेना. केस विंचरायला घेतले की हात आपोआप खाली यायचे. दुखत फारसं नव्हतं, नुसता जोरच नव्हता. वय त्रेपन्न. "पाळी गेली की असंच होतं गं," बरोबरच्या बायका म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं.

मग पापण्या जांभळट झाल्या, बोटांच्या सांध्यांवर लालसर खरखरीत चट्टे आले. नाक्यावरच्या दवाखान्यात उन्हाची ॲलर्जी म्हणून मलम मिळालं. ते तीन महिने चोळलं. भाताचा घास घशात अडकायला लागला तेव्हा भाचीने ओढतच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारं एन्झाइम, कितीतरी पट वाढलेलं. आजाराचं नाव डर्माटोमायोसायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते. स्टेरॉईड सुरू झाली, सीपीके उतरलं, मी पेढे वाटले.

चुकलं ते इथे. जन्म माझा परळच्या भोईवाड्यातला. कॅन्सरच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बिऱ्हाड मांडून बसलेली माणसं बघत वाढले. पण अंगातला जोर जाण्याचा त्या इमारतीशी काही संबंध असेल, हे मनात आलं नाही. डॉक्टरांनी विषय काढला नाही, मी विचारलं नाही. सीपीके खाली आलं तरी चट्टे जात नव्हते, घास अडकतच होता. सात महिन्यांनी पोट फुगलं, तेही आम्ही स्टेरॉईडवर ढकललं. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ दिसली, ती कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि जे चट्टे मलमाने हटले नव्हते ते केमोबरोबर विरत गेले.

डर्माटोमायोसायटिस आणि कॅन्सर या दोन आजारांचं नातं १९१६ सालीच डॉक्टरांनी नोंदवलं होतं. मला ते कळायला शंभरावर वर्षं उलटली. म्हणून हे सांगते आहे.

घाबरू नका, बहुतेकांना कॅन्सर होत नाही. लहान मुलांच्या डर्माटोमायोसायटिसमध्ये ही भीती सहसा नसते. पण मोठ्या माणसांत धोका खरा आहे, आणि तो निदानाच्या आगेमागे तीन वर्षं, त्यातही पहिल्या वर्षात जास्त. चाळिशीनंतर सुरू झालेला आजार, गिळायला बराच त्रास, कातडी काळी पडून झडणं, औषधांना दाद न देणं, या धोक्याच्या खुणा. रक्तात टिफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ या अँटीबॉडी सापडणं ही आणखी एक. म्हणून मायोसायटिसच्या अँटीबॉडींची तपासणी करायची का, हे संधिवाततज्ज्ञांना विचारा.

२०२३ साली या आजारात कॅन्सर शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांचं सूत्र सरळ आहे: धोका जेवढा, तेवढा शोध. सगळ्यांसाठी नीट तपासणी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. धोका जास्त असेल तर मानेपासून ओटीपोटापर्यंत सीटी स्कॅन. बायकांसाठी मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी. पुरुषांसाठी पीएसए ही रक्ततपासणी. पहिल्या खेपेला काही सापडलं नाही म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका, जास्त धोका असलेल्यांनी साध्या तपासण्या तीन वर्षं दर वर्षी करायच्या असतात. आणि स्टेरॉईड मनाने एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

आता कुणी केस विंचरता येत नाहीत म्हणाली, की मी आधी तिच्या पापण्या बघते. औषध सांगत नाही. डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठीवर दोन ओळी लिहून देते: "हा स्नायूंचा आजार आहे का? असेल, तर कॅन्सर शोधायचा का?"