सही करण्याआधी माझ्याकडे ये

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, जागा पाहिली, आता कंपनीशी बोलते," आणि मी लगेच अभिनंदन केलं नाही. तुला राग आला असणार. पण अगं, कौतुक आहेच मला. नागपूरला नोकरीसाठी खेटे घालण्यापेक्षा भंडाऱ्यात स्वतःचं पिझ्झाचं दुकान थाटायचं म्हणतेस, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच बसून लिहितेय. बोलताना तू मधेच तोडतेस.

आधी ते डॉमिनोजच्या नावाने आलेलं पान बंद कर. डॉमिनोज भारतात 1996मध्ये आलं, आणि त्याची दुकानं ज्युबिलंट फूडवर्क्स स्वतः चालवते. तुझ्या-माझ्यासारख्याला ती फ्रँचायझी मिळतच नाही, हे कंपनीनेच जाहीर केलेलं आहे. तरी हुबेहूब वेबसाइट करून नोंदणीच्या नावाखाली पैसे उकळणारे बसलेत. जे ब्रँड खरोखर फ्रँचायझी देतात, जसं 2011मध्ये चंदीगडला सुरू झालेलं ला पिनोज, तिथेही आधी कागद, मग पैसा. उलट क्रमाने मागणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस.

आता हिशेब. रॉयल्टी नफ्यावर नसते गं, विक्रीवर असते. तुझं दुकान तोट्यात असलं तरी कंपनीचा वाटा आधी निघतो. मी अंदाजाने आकडे मांडले, तू तुझे घालून बघ. सरासरी 300 रुपयांचं बिल, रोज 25 बिलं, म्हणजे महिन्याला 2 लाख 25 हजार. कंपनीकडूनच घ्यायचा माल 40 टक्के, तो 90 हजार. रॉयल्टी 6 टक्के, साडेतेरा हजार. त्या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी. रेस्टॉरंट ग्राहकाकडून 5 टक्के जीएसटी घेतं, पण त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो 18 टक्क्यांचा भुर्दंड आपल्याच अंगावर. चार पोरांचा पगार 48 हजार, भाडं 20, वीज 18. उरतात साधारण 33 हजार, आणि त्यातून बँकेचा हप्ता. हीच बिलं 25ऐवजी 18वर आली, की हप्त्याआधीच हातात शून्य. पाच-सात गिऱ्हाइकांचा फरक आहे सगळा. ऑनलाइन ऑर्डरवरचं कमिशन मी यात धरलेलंच नाही.

आणि आपल्याकडे गिऱ्हाईक बारा महिने सारखं नसतं. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या पगारदार घरांचं ठीक, पण खेड्यापाड्यातून येणारा माणूस धानावर चालतो. रोवणीच्या दिवसांत त्याच्याकडे ना वेळ, ना मोकळा पैसा. दिवाळीनंतर धान विकलं, गावोगावी मंडईची जत्रा भरली, माहेरी आलेल्या लेकी, जावई आणि पोरंटोरं घेऊन लोक बाहेर पडले, की तुझा गल्ला भरेल. नागपूरच्या मॉलमधलं दुकान दाखवून कंपनी तुला विक्रीचे आकडे सांगेल. ते ऐकून घे, पण गोंदियाला किंवा वर्ध्याला असंच दुकान असेल तिथे जा. एक मंगळवार आणि एक रविवार, समोर चहा घेत बस आणि बिलं मोज. मालक भेटला तर एवढंच विचार, "फ्रँचायझी पुन्हा घेतली असती का?" बोलायला लागण्याआधी तो किती वेळ गप्प राहतो, तेही बघ.

मी स्वतः एका छोट्या साखळीचं दुकान तीन वर्षं चालवलं, तुला ठाऊक आहेच. मे महिना, पारा 45च्या घरात, दुपारी दोनला वीज गेली. फ्रीजरचं दार उघडू नका म्हणून मी पोरांना ओरडत होते. संध्याकाळी कणकेच्या गोळ्यांचा ट्रे काढला तर गोळे फुगून एकमेकांना चिकटलेले, बोट लावलं की मऊ पडून खाली बसायचे, आणि आंबूस वास. चाळीस गोळे फेकले. कंपनीचा माणूस म्हणाला, करारात खराब मालाची भरपाई नाही. खरंच नव्हती. मी ते पान वाचलंच नव्हतं. म्हणून तुला सांगते, जनरेटरचा खर्च पहिल्याच यादीत धर, आणि ओव्हनला लागणारा वीजभार त्या गाळ्याला मिळतो का, ते भाडेकराराआधी महावितरणला विचार.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. 1872चा भारतीय करार कायदा आहे, म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच पदरात पडणार. दुसरं दुकान तुझ्यापासून किती किलोमीटरवर देणार, ते आकड्यात लिहून घे. मुदतीआधी बंद करावं लागलं तर अनामतीचं काय, ओव्हन कोणाचा, चीज बाहेरून घेता येईल का, हेही. आणि माल पाठवतात ते खरं चीज आहे की चीजसारखं दिसणारं वनस्पती तेलाचं, पाकिटावर वाचून बघ. तेलाचं असेल तर फलकावर चीज लिहिता येत नाही, आणि अन्न सुरक्षा अधिकारी कंपनीला शोधत जाणार नाही, तुझ्या दारात येईल.

पैशांसाठी बाबांची एफडी मोडू नकोस. जिल्हा उद्योग केंद्रात जा, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं विचार. 2022च्या नियमांत सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. महिलेला शहरी भागात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान. फक्त ते अनुदान तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहतं, ते हातात आलं असं समजून खर्च आखू नकोस.

हे सगळं करूनही आकडा बसला, तर मागे हटू नकोस. उद्घाटनाला मी पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसेन. पण करारनामा मेलवर आला की सही करू नकोस, छापून घेऊन ये. रविवारी दुपारी मी घरीच असते.