भुतांची जात आणि हारितीची शाळा

मुंजा, हडळ, जखीण, वेताळ, चकवा ही नावे ज्या घरात कधी उच्चारली गेली नाहीत, असे मराठी घर विरळाच. भुते खरोखर असतात काय, असे विद्यार्थी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर विज्ञान ‘नाही’ असे देते. इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्यानंतर दुसरा प्रश्न उभा राहतो : मग ही भुते समाजाने कशातून घडविली?

ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणातील लोकसमजुतींचे संकलन १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी पुरविलेली आहे. त्या समजुतींनुसार मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वी मेलेला ब्राह्मण मुलगा मुंजा होतो. अविवाहित क्षत्रिय वीर होतो. विवाहित शूद्र देवचार होतो, तर अविवाहित शूद्र चेडा. स्त्रियांची विभागणी वेगळी. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट आणि बाळंतपणात किंवा विटाळात मेली तर हडळ.

ही यादी बारकाईने वाचावी. येथे मरणानंतरही माणसाची जात सुटत नाही, आणि स्त्रीची ओळख पती जिवंत आहे की नाही यावरच ठरते. बाळंतीण का दगावली, तिला वेळेवर उपचार का मिळाले नाहीत, हे कोणी विचारले नाही; तिची भीती मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. भुतांचे हे जग म्हणजे वर्णव्यवस्थेची सावली होय.

शब्दांचा इतिहासही बोलका आहे. ‘जखीण’ हा शब्द ‘यक्षिणी’चे रूपांतर आहे. प्राकृतात तिला ‘जक्खिणी’ म्हणत. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर यक्ष-यक्षी नावांनिशी कोरलेले आहेत आणि ते वंदन करणाऱ्या रक्षकांच्या रूपात उभे आहेत. एके काळी स्तूपाची राखण करणारी यक्षिणी पुढे लोकांना झपाटणारी जखीण ठरली. ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमांना बोधी प्राप्त झाली, त्याच पिंपळावर लोकांनी मुंजाला बसविले.

याचे उलट उदाहरण आपल्या अगदी जवळ आहे. भुसावळहून जामनेर, पहूरमार्गे अजिंठ्यास जावे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील हारिती व पांचिक यांचे शिल्प पाहावे. कथेप्रमाणे हारिती ही राजगृहातील बालके खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुले होती. बुद्धांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. ती आक्रोश करू लागली, तेव्हा ज्यांचे एकुलते एक मूल गेले त्या मातांच्या दुःखाची त्यांनी तिला जाणीव करून दिली. त्या दिवसापासून हारिती बालकांची रक्षणकर्ती झाली. तिला कोणी जाळले नाही की बांधले नाही. या शिल्पाच्या तळाशी मुलांची एक ओळ कोरलेली आहे : हाती छडी घेतलेले गुरुजी, काही मुले अभ्यासात, तर काही खेळात दंग. राक्षसीच्या पायाशी शाळा भरविणारा तो शिल्पकार आपल्या वसतिगृहाचा पूर्वज वाटावा!

भूतकथा कथा राहते तोवर ती मनोरंजन करते. ती जिवंत माणसावर चिकटविली की प्राण घेते. सातपुड्याच्या पाड्यांत ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांना मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले, हत्याही झाल्या. आजारी पडलेले मूल किंवा दगावलेले गुरे एवढे निमित्त पुरते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचा छळ करणे हा त्यानुसार गुन्हा असून, सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अलौकिकावरील विश्वास हा धम्म नव्हे, हे स्पष्ट केले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते आणि ते शोधता येते, हा त्याचा गाभा.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की मुलांना भुतांच्या गोष्टी अवश्य सांगा. तो आपल्या भाषेचा ठेवा आहे. मात्र गोष्ट संपल्यावर तीन प्रश्न विचारा : हे भूत कोणत्या माणसापासून झाले? तो माणूस कशाने मेला? आणि या भीतीचा लाभ कोणाला झाला? ही उत्तरे शोधणारे मूल पिंपळाखाली निर्भय बसेल.